वेब डिझाइन आणि कोडिंग शिकताय? मराठवाड्यातल्या मुलामुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी परभणीत संध्याकाळच्या बॅचला डिझाइन आणि वेब कोडिंग शिकवते. सेलू, गंगाखेड, परतूरची मुलं रेल्वेनं येतात, जिंतूरची एसटीनं. ज्यांना येणं जमत नाही ते फोन करतात, व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट पाठवतात. वर्ष बदललं तरी प्रश्न बरेचसे तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा निवांत बसून लिहिली. प्रश्न मुलांच्या तोंडचे आहेत तसेच ठेवलेत. सगळ्या उत्तरांमागे माझं म्हणणं एकच आहे: आपल्या भागातल्या माणसाला त्याच्या फोनवर, मराठीत, भर उन्हातही वाचता येईल असं एक पान तुम्हाला स्वतःच्या हातानं करता आलं पाहिजे.

ताई, आधी डिझाइन शिकू का कोडिंग?

दोन्ही एकत्र, पण एका पानापुरतं. नुसतं डिझाइन शिकलेली मुलं स्क्रीनवर असं काही काढून ठेवतात की ते ब्राउझरमध्ये बसवताना नाकी नऊ येतात. नुसतं कोडिंग शिकलेल्यांचं पान चालतं, पण त्यात दुकानाचा फोन नंबर कुठे आहे ते शोधत बसावं लागतं. म्हणून पहिले काही महिने एकच छोटं पान घ्या, ते कागदावर आखा आणि तेच कोडमध्ये उतरवा. आपण कशात जास्त रमतो ते तेवढ्यात कळतं. मग त्यात खोल जा.

इंग्रजी कच्चं आहे. मी बी.ए. करायलोय, मराठी माध्यमातून. जमतंय का?

जमतंय. एचटीएमएल ही वेब पान लिहिण्याची भाषा, आणि टॅग म्हणजे 'हा मथळा', 'हा परिच्छेद' असं सांगणाऱ्या तिच्या खुणा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९१मध्ये तिची पहिली यादी मांडली तेव्हा तिच्यात जेमतेम १८ टॅग होते. आज शंभराच्या वर आहेत, पण पहिलं पान करायला त्यातले पंधरा-वीस पुरतात: मथळा, परिच्छेद, यादी, दुवा, चित्र, तक्ता, बटण. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमधले रोजचे शब्दही असेच मोजके आहेत. ते पाठ करावे लागत नाहीत, हातानं टाइप करता करता बसतात.

इंग्रजीची खरी अडचण येते ती एरर वाचताना. लाल अक्षरं दिसली की मुलं खिडकी बंद करतात. तसं करू नका. एररमध्ये फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असतो, आधी तेवढंच वाचा आणि त्या ओळीवर जा. तिथे नाही सापडलं तर तिच्या वरची ओळ बघा, कारण न मिटवलेला कंस किंवा अवतरणचिन्ह बहुतेक वेळा वरच्या ओळीत असतं. बाकीचं वाक्य कॉपी करून शोधता येतं, भाषांतर करूनही वाचता येतं.

मराठीतून ऐकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे मराठी आवाजातले धडे मोफत आहेत. संदर्भासाठी एमडीएन या वेब कोडिंगची माहिती देणाऱ्या मोफत साइटची सवय लावा. ती इंग्रजीत आहे, पण तिथली उदाहरणं नुसती बघूनही समजतात.

लॅपटॉप नाही. मोबाइलवरच शिकायलोय, चालतंय का?

सुरुवात होते, पण फार पुढे जाता येत नाही. मोबाइलवर कोड लिहिण्याची अॅप्स आहेत. ओटीजी केबलनं फोनला साधा कीबोर्ड लावला तर टाइप करणंही सोपं होतं. दोन खिडक्या शेजारीशेजारी ठेवून एकीकडे कोड आणि दुसरीकडे पान बघणं मात्र तिथे नीट होत नाही, आणि शिकण्यातला मोठा भाग तोच आहे.

म्हणून लॅपटॉप मिळेपर्यंत कॉलेजची किंवा आयटीआयची लॅब वापरा. आठवड्यात दोन तास मिळाले तरी घरून कागदावर पूर्ण तयारी करून जा, म्हणजे लॅबमध्ये विचार करण्यात वेळ जाणार नाही.

घ्यायचाच असेल तर कंपन्यांमधून निघालेले जुने ऑफिस लॅपटॉप पुरेसे असतात. दोन गोष्टींवर तडजोड करू नका: रॅम ८ जीबी आणि हार्डडिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे वेगवान साठवण. प्रोसेसर जुना असला तरी या कामाला अडत नाही. दुकानात उभ्या उभ्या चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा, बॅटरीची खरी हालत तेव्हाच कळते. आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे डेस्कटॉप स्वस्त असला तरी मी लॅपटॉपच सुचवते.

नेट नसतानाही काम चालू राहावं अशी साधनं आधीच भरून ठेवा. कोड लिहायचं व्हीएस कोड आणि चित्रं-लोगो काढायचं इंकस्केप एकदा उतरवले की नेटशिवाय चालतात. पानाचं डिझाइन आखायच्या फिगमाला नेट लागतं. तेव्हा रेंज असेल त्या वेळी फिगमा आणि नसेल तेव्हा कोड, अशी विभागणी करून घ्या.

मला चित्रकला येत नाही. डिझाइन कसं जमेल?

चित्र काढणं वेगळं आणि पानाची मांडणी वेगळी. मांडणीत तुम्ही ठरवता की वाचणाऱ्याची नजर आधी कुठे जावी, नंतर कुठे जावी, आणि कशाशेजारी काय असावं.

एक सराव देते. गावातल्या एका कृषी सेवा केंद्राचं पान करायचं आहे असं धरा. पेरणीच्या तोंडावर शेतकरी ते उघडतो तेव्हा त्याला काय हवं असतं? सोयाबीनचं कोणतं वाण शिल्लक आहे, बॅगचा भाव काय, दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे आणि फोन कुठे लावायचा. आता आपल्याकडचे बहुतेक असे फलक आठवा: वर देवाचा फोटो, मालकाचा फोटो, शुभेच्छुकांची नावं आणि नंबर सगळ्यात खाली. फलकावर ते चालतं, कारण दुकान तिथेच समोर असतं. फोनच्या पाच-सहा इंची पडद्यावर मात्र लागणारी गोष्ट पहिल्या नजरेत हवी. कागदावर फोनएवढी चौकट काढा आणि या चार गोष्टी महत्त्वाच्या क्रमानं तिच्यात बसवा. सगळ्यात महत्त्वाची ओळ सगळ्यात मोठी. एकमेकांशी संबंध असलेल्या गोष्टी जवळजवळ, बाकीच्यांमध्ये मोकळी जागा. डावी कड सगळीकडे एका रेषेत. एवढं पाळलं तरी पान नीटनेटकं दिसतं.

मोकळ्या जागेची भीती मी फार बघते. जागा दिसली की मुलं तिथे फुलं, चांदण्या, किनार असं काहीतरी बसवतात. ती जागा राहू द्या, तिच्यामुळेच बाकीचं वाचता येतं.

रंग कसे निवडायचे?

आधी वाचता येतं का ते बघायचं, शोभा नंतर. वेबसाठीच्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांत साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे फिकट-गडदपणातला फरक, किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांचा ३:१ असावा असं सांगितलं आहे. दोन रंग टाकले की हे गुणोत्तर सांगणाऱ्या मोफत साइट भरपूर आहेत. पांढऱ्यावर पिवळं किंवा फिकट करड्यावर करडं या निकषात बसत नाही. खोलीत ते छान दिसतं, पण एप्रिल-मेच्या उन्हात मोंढ्यात उभ्या असलेल्या माणसाला काहीच दिसत नाही. तुमचं पान फोनवर उघडा आणि दुपारी बाराला अंगणात जाऊन वाचून बघा.

रंगांच्या जोड्या शोधायला परदेशी साइटवर जायची गरज नाही. पैठणीचा पदर, हिमरू शालीची नक्षी, अजिंठ्याच्या चित्रांतले गेरू, पिवळी माती आणि हिरवे रंग, सगळं आपल्या उशाशी आहे. चांगला फोटो घ्या, आयड्रॉपरनं त्यातले तीन-चार रंग उचला, आणि एका पानात दोनपेक्षा जास्त ठळक रंग वापरू नका.

मराठी मजकूर टाकला की साइटवर विचित्र अक्षरं येतात. असं का?

या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, आणि मला ते लांबच द्यायचं आहे. इंग्रजीतून डिझाइन शिकवणारे हजारो व्हिडिओ आहेत, देवनागरी नीट कशी मांडावी हे सांगणारे मोजकेच सापडतात. ते तुम्हाला आलं तर मराठी कामात तुमचा हात धरणारं कोणी नाही.

बिघाड बहुतेक दोनच ठिकाणी असतो. पहिलं ठिकाण म्हणजे मजकूर जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असणं. डीटीपीच्या दुकानातून आलेली पेजमेकर किंवा कोरेल या छपाईच्या सॉफ्टवेअरची फाइल बहुधा अशी असते. त्या फॉन्टमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, त्यांवर फक्त मराठी आकार चढवलेले असतात. फॉन्ट गेला की मजकूर गेला. वेबवर युनिकोडच लागतो, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. युनिकोडमध्ये देवनागरीला १२८ जागांचा स्वतःचा गट आहे, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी 'म' हा 'म'च राहतो. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढा आणि मग डोळ्यांखालून घाला, जोडाक्षरं आणि रफार यांत चुका राहतातच.

दुसरं ठिकाण म्हणजे पानाच्या हेडमध्ये, म्हणजे कोडच्या वरच्या, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, कॅरसेटची ओळ नसणं. मजकूर कोणत्या पद्धतीनं साठवलाय ते ही ओळ ब्राउझरला सांगते. तिथे यूटीएफ-८ असं लिहा आणि फाइलही त्याच एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा. मराठीच्या जागी डोक्यावर टोपी घातलेल्या इंग्रजी अक्षरांची रांग दिसली की गडबड इथेच आहे असं समजा. हातासरशी एचटीएमएल टॅगमध्ये लँगची किंमत एमआर ठेवा. पान मराठीत आहे हे ब्राउझरला त्यातून कळतं, आणि काही फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं त्यामुळेच येतात. नाहीतर हिंदी वळणाची अक्षरं दिसतात.

मग मराठीला फॉन्ट कोणता चांगला?

सलग वाचायच्या मजकुराला मुक्ता, हिंद किंवा नोटो सान्स देवनागरी. पुस्तकी वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी, मथळ्याला जाड आणि गोल काही हवं असेल तर बालू. मुक्ता आणि बालू हे दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेनं घडवले आहेत. हे सगळे गुगल फॉन्ट्सवर ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे ग्राहकाच्या कामातही बिनधास्त वापरा. कुठल्यातरी टेलिग्राम ग्रुपवरून उतरवलेले फॉन्ट मात्र ग्राहकाच्या साइटवर चढवू नका.

फॉन्ट पारखायचा असेल तर त्यात 'दर्या' आणि 'दऱ्या' हे दोन शब्द शेजारीशेजारी लिहून बघा. पहिल्यात रफार डोक्यावर आला पाहिजे, दुसऱ्यात 'य'च्या आधी चंद्रकोरीसारखा अर्धा र दिसला पाहिजे. मग 'ऱ्हस्व', 'कुऱ्हाड', 'शुद्ध', 'लठ्ठ', 'वाङ्मय', 'मूर्ती' आणि भरपूर 'ळ' असलेली एक ओळ लिहा. कुठे पाय मोडलेला दिसला, कुठे वेलांटी सुटली, तर तो फॉन्ट सोडून द्या.

सीएसएसमध्येही इंग्रजीचे सगळे नियम इथे चालत नाहीत. लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधली जागा, वाढवली की शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे तुकडे लोंबायला लागतात. मराठी मथळ्याला ते शून्यच ठेवा. लाइन-हाइट, म्हणजे ओळीची उंची, इंग्रजीला १.४ पुरते, आपल्याला १.६ ते १.८ लागते, कारण वर मात्रा-रफार आणि खाली उकार-जोडाक्षरं असतात. तिरपी अक्षरं बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये मुळात घडवलेलीच नसतात, ब्राउझर उभी अक्षरं ओढून वाकडी करतो. जोर द्यायचा तर ठळक वजन वापरा. फॉन्टची दोनच वजनं चढवा. जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल इंग्रजीपेक्षा बरीच मोठी असते, आणि पाच वजनं लावली तर गावाकडच्या रेंजवर पान उघडेपर्यंत माणूस कंटाळतो.

फ्लेक्सच्या दुकानात कोरेल शिकायची संधी आहे. जाऊ का?

जा. लग्नसराईत आणि निवडणुकीत त्या दुकानात कामाचा वेग शिकायला मिळतो, गिऱ्हाइकाशी बोलायला शिकायला मिळतं, आणि हातात पैसेही येतात. छपाई आणि वेब यांतला फरक तेवढा डोक्यात पक्का ठेवा. छपाईत माप फूट-इंचात आणि रंग सीएमवायकेमध्ये (शाईचे चार रंग), वेबवर माप पिक्सेलमध्ये आणि रंग आरजीबीमध्ये (पडद्याचा लाल-हिरवा-निळा). छापील पानाचा आकार ठरलेला असतो. वेबचं पान कोणाच्या चार वर्षं जुन्या फोनवर उघडेल आणि कोणाच्या टीव्हीवर, हे तुमच्या हातात नसतं, म्हणून वेबची मांडणी लवचीक लागते.

क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका. त्यातून व्हायरस येतो आणि महिन्याभराचं काम जातं, हे मी विद्यार्थ्यांच्या बाबतीत बघत आले आहे. इंकस्केप, फोटो सुधारायचं गिंप आणि तेच काम ब्राउझरमध्ये करणारं फोटोपी एवढ्यावर शिकण्याचं सगळं काम भागतं. फिगमाची मोफत आवृत्तीही विद्यार्थ्याला पुरते.

एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट यांचा क्रम काय ठेवायचा?

याच क्रमानं शिका, घाई करू नका. जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाकडून हिशोबासारखी कामं करून घेणारी भाषा, १९९५ची, ब्रेंडन आइख यांनी तिचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला होता. पण ती दहा दिवसांत शिकून होते असं सांगणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नका.

एचटीएमएलला आपल्या तालुक्याच्या बसस्थानकाचं वेळापत्रक घ्या. त्यात मथळा आला, तक्ता आला, यादी आली. ते नुसतं काळ्या-पांढऱ्यात पूर्ण करा. मग सीएसएसमध्ये बॉक्स मॉडेल, म्हणजे पानातल्या प्रत्येक डब्याचं पॅडिंग (आतली जागा), बॉर्डर (कड) आणि मार्जिन (बाहेरची जागा). इथे बहुतेकांची गाडी अडते, म्हणून इथे थांबा. प्रत्येक डब्याला वेगळा पार्श्वरंग देऊन कोणती जागा आतली आणि कोणती बाहेरची हे डोळ्यांनी बघा. त्यानंतर डबे एका रांगेत मांडणारं फ्लेक्सबॉक्स, मग आडव्या-उभ्या चौकटींत मांडणारं ग्रिड, मग पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारी मीडिया क्वेरी. पान फोनच्या रुंदीत बसव असं सांगणारी व्ह्यूपोर्टची ओळ हेडमध्ये विसरलात तर फोनवर सगळं पान मुंगीएवढं दिसतं.

जावास्क्रिप्टला मी एक ठरलेला सराव देते: किती क्विंटल माल आणि काय भाव हे टाकलं की एकूण रक्कम सांगणारं पान. दिसायला सोपं आहे, पण त्यात एक गंमतीची अडचण लपलेली आहे. वापरणाऱ्यानं १२० हे मराठी आकड्यांत टाइप केलं तर जावास्क्रिप्टला तो आकडाच वाटत नाही, उत्तर 'नॅन', म्हणजे 'हा आकडा नाही', असं येतं. युनिकोडमध्ये ० ते ९ हे आकडे सलग एकामागे एक आहेत, त्यामुळे हिशोबाआधी प्रत्येक मराठी आकड्याच्या जागी इंग्रजी आकडा ठेवणारं छोटं फंक्शन लिहिता येतं. उत्तर दाखवताना टूलोकेलस्ट्रिंग वापरा आणि भाषा एमआर-आयएन द्या. १,२५,००० असं मराठी आकड्यांत, आपल्या लाखाच्या स्वल्पविरामासकट येतं. हा एक सराव पूर्ण केला की व्हेरिएबल, फंक्शन, लूप आणि इव्हेंट, चारही हाताखालून जातात.

रिअ‍ॅक्ट आणि बाकीच्या फ्रेमवर्कचं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार सांगाड्यांचं, नाव तोपर्यंत काढू नका.

माझ्या लॅपटॉपवर फोटो दिसतो, साइट चढवली की दिसत नाही!

हा फोन मला जवळजवळ दर आठवड्याला येतो. असं तपासा.

फोटोचा पत्ता सी ड्राइव्हपासून सुरू होतोय का? तसा असेल तर तो तुमच्याच लॅपटॉपवर चालणार, सर्व्हरवर तुमचा सी ड्राइव्ह नसतो. फोटो साइटच्या फोल्डरमध्ये ठेवा आणि पत्ता तिथूनच द्या. मग नावातली अक्षरं बघा. विंडोजला लहान-मोठ्या लिपीचा फरक पडत नाही, पण बहुतेक सर्व्हर लिनक्सवर असतात आणि त्यांना पडतो. कॅमेऱ्यातून आलेल्या फोटोच्या नावामागचं जेपीजी अनेकदा मोठ्या लिपीत असतं, कोडमध्ये तुम्ही लहान लिहिता, आणि तिथेच फसतं. फाइलची नावं कायम लहान इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न सोडता, लागलं तर छोटी आडवी रेघ देऊन ठेवायची. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

पानच उघडत नसेल तर मुख्य फाइलचं नाव इंडेक्स आहे ना ते बघा. नोटपॅडमधून सेव्ह करताना कधीकधी नावाच्या शेवटी टीएक्सटी लागतं आणि विंडोज ते लपवून ठेवतं. फाइल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवायची खूण चालू करा म्हणजे दिसेल.

आणि फोटो दिसतो पण फार वेळ लावतो, असं असेल तर त्याचा आकार बघा. फोनमधला फोटो सहज चार-पाच एमबीचा असतो. रुंदी १२०० पिक्सेलवर आणून वेबपी या वेबसाठीच्या हलक्या प्रकारात सेव्ह केला की तो बहुधा दीड-दोनशे केबीत बसतो आणि फोनवर डोळ्याला फरक जाणवत नाही.

साइट फुकट कुठे ठेवता येते?

शिकण्यासाठी गिटहब पेजेस, म्हणजे गिटहब या कोड ठेवायच्या साइटवरची जागा. खातं मोफत आहे, आणि सोबत गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, शिकणं होतं, जे नोकरीत लागतंच. दोन पथ्यं पाळा. तिथे ठेवलेलं सगळ्या जगाला दिसतं, त्यामुळे आधार क्रमांक, मार्कशीट, कोणाचे खासगी नंबर असं काही चढवू नका. आणि गिटहबच्या नियमांप्रमाणे ती जागा धंद्याची ऑनलाइन विक्री चालवण्यासाठी नाही, ग्राहकाच्या दुकानासाठी विकतचं होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची जागा, घ्या.

एआय दोन मिनिटांत साइट करून देतं. मग आम्ही कशाला शिकायचं?

एआय जरूर वापरा, मीही वापरते. पण त्यानं दिलेलं पान फोनवर उघडा. तक्ता उजवीकडे बाहेर गेलेला असतो, मराठी मथळ्याला लेटर-स्पेसिंग देऊन शिरोरेखा तोडलेली असते, भाव आणि वेळा त्यानं मनानंच भरलेल्या असतात. हे दिसायला तुम्हाला आधी ते माहीत असावं लागतं. 'नीट कर' म्हणून सांगितलं तर ते तीन ठिकाणी वेगळंच काहीतरी बदलतं. 'या तक्त्याच्या डब्याला ओव्हरफ्लो ऑटो दे' (म्हणजे तक्ता डब्यातच सरकवता येईल) असं नेमकं सांगता येणारा विद्यार्थी पाच मिनिटांत मोकळा होतो.

एआयनं काढलेल्या पोस्टरवरची मराठी अक्षरं तर शब्द न शब्द तपासा. वेलांट्या आणि जोडाक्षरं अजूनही अनेकदा मोडलेली येतात. चित्र त्याच्याकडून घ्या, अक्षरं स्वतः बसवा.

शिकण्याच्या काळात मी एक नियम लावते: ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही ती ओळ पानात ठेवायची नाही. एआयलाच तिचा अर्थ विचारा, हरकत नाही, पण समजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एमएस-सीआयटी केलंय. तेवढं पुरतं का? क्लास लावू का?

एमएस-सीआयटी हा संगणक साक्षरतेचा कोर्स आहे, सरकारी भरतीत कामी येतो, पण वेब डिझाइनसाठी तो पाया म्हणूनच धरा. दहावीनंतर आयटीआयमध्ये कोपा हा संगणक चालवण्याचा आणि प्रोग्रॅमिंगचा एक वर्षाचा ट्रेड आहे, त्यात वेब पान करण्याची तोंडओळख होते आणि फी खासगी क्लासच्या मानानं खूपच कमी.

खासगी क्लास लावण्याआधी तिथे एकच गोष्ट मागा: मागच्या बॅचच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या चालू साइट दाखवा. त्या फोनवर उघडून बघा. दाखवायला काही नसेल आणि बोलणं फक्त प्रमाणपत्राचं आणि शंभर टक्के नोकरीच्या हमीचं असेल, तर पैसे भरू नका.

बारावीनंतर डिझाइनची पदवी करता येते का?

येते. आयआयटीसारख्या संस्थांमधल्या बी.डेस या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते, साधारण जानेवारीत. तिच्यात चित्र काढण्याचाही भाग असतो. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची प्रवेश परीक्षा वेगळी. बारावी कोणत्या शाखेतून चालते हे संस्थेप्रमाणे बदलतं, म्हणून माहितीपत्रक स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर राहू नका. उपयोजित कलेकडे जायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे. शाळेत असाल तर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा नक्की द्या, हात बसतो आणि दहावीला वाढीव गुणही मिळतात.

पहिलं काम कसं मिळवायचं आणि पैसे किती घ्यायचे?

काम ओळखीतूनच मिळतं. लातूर-नांदेडला शिकवण्यांचे क्लास गल्लोगल्ली आहेत, तुळजापूर, औंढा, वेरूळच्या आसपास लॉज आणि भक्तनिवास आहेत, जालन्यात बियाण्यांच्या कंपन्या आहेत, आणि जिल्ह्याजिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या उभ्या राहताहेत. त्यातल्या अनेकांचं पान एक तर नाही किंवा फोनवर उघडत नाही. त्यांच्याकडे रिकाम्या हातानं जाऊ नका, त्यांच्याच दुकानाचं नमुन्याचं पान फोनवर करून घेऊन जा.

दर सांगताना तास मोजा, आणि बदल किती वेळा करून देणार ते आधीच लिहून ठेवा. अर्धे पैसे आधी घ्यायचे. ओळखीच्या माणसाकडे आगाऊ मागायला जड जातं हे मला माहीत आहे, पण उधारीवर केलेल्या कामाचे पैसे मागायला त्याहून जड जातं. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, ग्राहकाच्या नावावर, त्याच्याच ईमेलनं नोंदवा आणि दरवर्षी पैसे भरावे लागतात हे सांगून ठेवा. स्वतःच्या नावावर घेऊन ग्राहकाला अडवून धरणारे लोक या धंद्यात आहेत, तुम्ही तसं करू नका.

आणि घरबसल्या टायपिंग किंवा डेटा एंट्रीचं काम देतो, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, असा मेसेज आला तर तो थेट डिलीट करा. काम देणारा माणूस पैसे देतो, मागत नाही.

(एका आईचा प्रश्न) पोरगी रात्री उशिरापर्यंत लॅपटॉपवर असते. नक्की काय करते ते आम्हाला कळत नाही.

काळजी वाटणं साहजिक आहे, ताई. तिला म्हणा, तू केलेलं पान माझ्या फोनवर उघडून दाखव. मग तुम्ही ते वाचा आणि कुठे अडखळलात ते तिला सांगा: अक्षर बारीक आहे, हे बटण दाबायचं कळलं नाही, नंबर सापडला नाही. तिला यापेक्षा चांगला परीक्षक मिळणार नाही, आणि ती काय करते हेही तुम्हाला रोज दिसत राहील. झोपेची वेळ मात्र ठरवून द्या. रात्री एकला न सापडणारी चूक सकाळी चहाच्या आत सापडते.

साइट केली, पण गुगलवर शोधलं तर येत नाही.

आधी पान बघा. सगळा मजकूर एका मोठ्या पोस्टरच्या फोटोत आहे का? फ्लेक्सच्या सवयीनं मुलं हमखास असं करतात. गुगलला त्यातलं नीट वाचता येत नाही, आणि अंध माणसाचा स्क्रीन रीडर तर काहीच वाचू शकत नाही. मजकूर मजकूर म्हणूनच टाइप करा. फोटोच्या टॅगमध्ये ऑल्ट नावाची जागा असते, तिथे एका ओळीचं वर्णन द्या, 'फोटो १' असं नव्हे, 'दुकानाचा दर्शनी भाग, बसस्थानकासमोर' असं. पानाच्या टायटलमध्ये (ब्राउझरच्या टॅबवर दिसणारं नाव) दुकानाचं नाव, काम आणि गाव तिन्ही हवेत. लोक जसं शोधतात तसं लिहा: 'जिंतूर ठिबक सिंचन' असं शोधणारे आहेत, तर हे शब्द पानात कुठेतरी आले पाहिजेत. मग गुगल सर्च कन्सोलवर साइट नोंदवा, ते मोफत आहे, आणि काही दिवस थांबा. नवीन साइट दिसायला कधीकधी काही आठवडेही लागतात. तेवढ्यात पुढचं पान सुरू करा.